राजगड-तोरणा एका दिवसात : थंडीतल्या डोंगरधारेबद्दल तुमचे प्रश्न

दिवाळीचा फराळ संपला की आमच्याकडे डोंगराचे प्रश्न सुरू होतात, दरवर्षीचंच आहे. यंदा निम्म्याहून जास्त पत्रं राजगड-तोरणा रांगेची आहेत, म्हणजे राजगडाच्या संजीवनी माचीवरून उतरायचं आणि डोंगराच्या धारेवरून चालत चालत थेट तोरण्याच्या बुधला माचीला भिडायचं, तेही एका दिवसात. म्हणून या वेळी कॉलम जवळजवळ सगळा त्यालाच दिलाय, एक पत्र मँचेस्टरहून आलंय तेवढं मध्ये घुसवलंय. एक गोष्ट आधीच सांगतो कारण बऱ्याच उत्तरांत तीच येणार आहे: या दिवसांत इकडे माणूस थंडीने अडकत नाही, अंधाराने अडकतो.

प्रश्न (चिंचवड) : आम्ही ऑफिसचे पाच जण, सिंहगड नेहमीचा आहे, फिटनेस बरा म्हणता येईल. नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी राजगड-तोरणा एका दिवसात करायचाय, मुक्काम नको. पुण्यातून सकाळी सातला निघालो तर होईल ना? आणि आधी राजगड की आधी तोरणा?

उत्तर : सातला निघताय? मग राजगड बघा, वर ताक प्या आणि संध्याकाळी घरी या, मस्त दिवस जाईल. तोरणा विसरा.

हिशोब करू. गुंजवणे गाव पुण्यापासून साठेक किलोमीटर, नसरापूर-मार्गासनी-साखर असं, म्हणजे पहाटे गाडी पळवली तरी दीड तास धराच. गुंजवण्यातून चोरदरवाजाने पद्मावती माचीवर यायला दोन-सव्वादोन तास. तिथून संजीवनी माची गाठून तिच्या टोकाकडे अळू दरवाजापर्यंत अजून तासभर, कारण माची चांगलीच लांब आहे आणि तिथली ती दुहेरी तटबंदी बघून थांबला नाही असा माणूस मला अजून भेटायचाय. अळू दरवाजातून बाहेर पडलात की वाट सोंडेवरून उतरत उतरत भुतोंडे खिंडीत येते, तिथे वेल्ह्याकडून पलीकडे भुतोंड्याकडे जाणारा गाडीरस्ता आडवा लागतो, हे साधारण दोन तास. पुढे परत चढ, एकामागून एक टेकाडं, मध्ये धनगरांची एखाद-दोन घरं आणि शेवटी बुधला माचीखालचा कातळटप्पा, म्हणजे तीन तास कुठेच गेले नाहीत. बुधल्यावरून मेंगाई देवीच्या देवळापर्यंत तास, आणि बिनी दरवाजाने खाली वेल्ह्यात यायला दोन. बेरीज अकराच्या पुढे जाते, आणि यात जेवण नाही, फोटो नाहीत, कोणाच्या पायात गोळा आला तर ती दहा मिनिटं पण नाहीत.

आता सूर्य बघा. नोव्हेंबरअखेरीस आपल्याकडे पावणेसातच्या आसपास उगवतो आणि सहाच्या आसपास मावळतो, त्यानंतर वीस-पंचवीस मिनिटांत मिट्ट. म्हणजे उजेड सव्वाअकरा तासांचा आणि चाल अकराच्या वर! म्हणून पहिला तुकडा अंधारात करायचा, शेवटचा नाही. पाय ताजे असतात, चोरदरवाजाची वाट मळलेली आहे, वरच्या टप्प्याला रेलिंग आहेत, हेडटॉर्चवर आरामात होतं. पहाटे साडेचारला गुंजवणं सोडा, म्हणजे पुणं अडीच-पावणेतीनला. झोप होत नसेल तर आदल्या रात्री गावात जाऊन पडा, पिठलं-भाकरीची सोय होते, आधी फोन करून ठेवा एवढंच.

दिशा राजगडाकडून तोरण्याकडेच ठेवा. उलटं करणारे पण आहेत आणि त्यांची स्वतःची कारणं असतील, पण बुधल्याचा कातळ उतरण्यापेक्षा चढून जाणं सोपं, शिवाय वेल्ह्यात उतरलं की तालुक्याचं गाव आहे, चहा मिळतो, गाडी मिळते. बालेकिल्ला या दिवशी सोडून द्या. आणि भुतोंडे खिंडीत घड्याळ बघा, दुपारी बारा वाजून गेले असतील तर तोरण्याच्या धारेला हात घालू नका, रस्त्यावरच आहात, सरळ वेल्ह्याच्या बाजूला चालू लागा. या वाटेवर अर्ध्यातून सुटायची सगळ्यात सोपी जागा ती एकच आहे. खिंडीनंतर मन बदललं तर धारेवरून दोन्हीकडे नुसता उतार आणि झाडी, आणि ढोरवाटा, ज्यांच्याबद्दल खाली सांगतो.

प्रश्न (कोथरूड) : माझी मुलगी कॉलेजच्या ग्रुपबरोबर याच ट्रेकला चालली आहे. ती म्हणते एक टीशर्ट पुरे, मी म्हणते दोन स्वेटर आणि कानटोपी. वर किती थंडी असते हो? काळजी वाटते.

उत्तर : ताई, दोघींचंही थोडं थोडं बरोबर आहे, आणि गंमत म्हणजे जास्त थंडी वर नसतेच, पहाटे ती खाली असते. रात्री आभाळ निरभ्र असलं की जमीन भराभर थंड होते आणि तिच्यालगतची गार हवा जड होऊन उतारावरून ओघळत खोऱ्यात साठते, वरची हवा त्यामानाने उबदार राहते. गुंजवण्यात पहाटे पोचलात तर डोळ्यांनी दिसतं हे, चुलींचा धूर वर जातच नाही, घरांच्या कौलांवर एका पातळीत चादरीसारखा पसरून राहतो. पुण्यात १२ अंश असतील तर त्या खोऱ्यात आठ-नऊ सहज असू शकतात. मुलं गाडीतून उतरून कुडकुडतात, असेल नसेल ते सगळं अंगावर घालून चढायला लागतात आणि वीस मिनिटांत आतून घामाने ओली होतात. मग माचीवर आल्यावर वारा लागतो आणि तेव्हा खरी हुडहुडी भरते.

तेव्हा चढायला सुरुवात करताना जरा थंडी वाजू दे तिला. आत ड्रायफिट टीशर्ट, कॉटनचा नको, कॉटन घाम धरून ठेवतं आणि पाठीला गार फडकं चिकटल्यासारखं होतं. त्यावर एक पातळ फ्लीस किंवा तुमचा एक स्वेटर, एकच. आणि बॅगेत वरच्यावर विंडचीटर, अगदी साधा चालेल, कारण धारेवर थंडी हवेपेक्षा वाऱ्याची जास्त असते. कानटोपी द्याच, ती नाक मुरडेल पण माचीवर पोचल्यावर गुपचूप घालेल. एक कोरडा टीशर्ट जास्तीचा, राजगडावर पोचल्यावर बदलायला. दहा वाजले की हे सगळं निघून बॅगेत जाणार आणि टोपी नि सनस्क्रीनची वेळ येणार, त्या रांगेवर सावली जवळजवळ नाही.

अजून एक, दव. पहाटे गवत गुडघ्यापर्यंत भिजलेलं असतं, बूट आणि मोजे ओले होतातच. मोज्यांचा एक जोड जास्तीचा पिशवीत बांधून द्या, स्वेटरपेक्षा त्याचा उपयोग होईल.

प्रश्न (सांगली) : मागच्या डिसेंबरला गेलो होतो, खिंडीच्या पुढं गवतात वाट गेली, तासभर हिंडत होतो, आणि कुसळांनी पार जीव नको केला. यावर काही उपाय हाय का?

उत्तर : कुसळांचा आधी, कारण वाट चुकून सापडते पण कुसळ पायातून निघत नाही.

पावसाळ्यात जे हिरवंगार मऊ गवत दिसतं तेच आता कमरेएवढं पिवळं झालेलं असतं आणि त्याच्या बिया तयार असतात. कुसळी गवताचं एक बी काढून तळहातावर घेऊन बघा, टोकाला सुईसारखं अणकुचीदार, त्यावर मागे वळलेले बारीक केस, आणि पाठीमागे लांब काळसर शेपूट पिळलेलं. त्यावर पाण्याचा थेंब टाका, शेपूट आपोआप उलगडत फिरायला लागतं, वाळलं की परत पीळ बसतो. या पिळाच्या जोरावर ते बी जमिनीत स्वतःला स्क्रूसारखं गाडून घेतं आणि केस मागे वळलेले असल्यामुळे बाहेर यायचं नाव नाही. तुमचा मोजा म्हणजे त्याच्या दृष्टीने जमीनच! सकाळच्या दवाने ओलं, दुपारच्या उन्हाने सुकं, म्हणजे दिवसभर आत आत. त्यामुळे लोकरी किंवा टेरी मोजे नकोत, पँट गुळगुळीत कापडाची आणि फुल, आणि बूट-पँटच्या सांध्यावर गेटर, म्हणजे बुटावरून नडगीपर्यंत बांधायचं कापडी आवरण. विकतचे नसतील तर जुन्या छत्रीच्या कापडाचे शिवून घ्या, छान होतात. घरी आल्यावर मोजे मशीनमध्ये टाकायच्या आधी कुसळं हाताने उपटा नाहीतर घरातल्या सगळ्यांच्या कपड्यांत जातात आणि मग पुढच्या ट्रेकला परवानगी मिळत नाही.

आता वाट. खिंडीच्या पुढे फसवतात त्या ढोरवाटा. गुरं चढ टाळतात, ती डोंगराच्या कडेकडेने आडवी जातात, म्हणून ती वाट सपाट, रुंद आणि मोहाची दिसते, आणि मग कुठल्यातरी चरणीच्या तुकड्यावर जाऊन विरून जाते. आपली वाट बहुतेक ठिकाणी धार सोडत नाही. दोन वाटा फुटल्या आणि एक आरामात आडवी, दुसरी मुकाट वर चढणारी असेल तर वर चढणारीच घ्या. दगडावरचे बाण आणि बुटांनी गुळगुळीत झालेला मुरूम बघा, शेण जास्त दिसायला लागलं आणि बुटांचे ठसे बंद झाले तर मागे फिरा, लगेच, अजून शंभर पावलं बघू असं करू नका. मोबाईलमध्ये ट्रॅक आधीच ऑफलाईन उतरवून घ्या आणि फोन फ्लाईट मोडवर ठेवा, जीपीएस तरीही चालतं, रेंज शोधत बसल्यामुळे जी बॅटरी खाल्ली जाते ती वाचते. बुधला सतत समोर दिसत असतोच, तेल साठवायचा बुधला उलटा ठेवावा तसा, पण तो दिसतो म्हणून सरळ रेषेत त्याच्याकडे घुसू नका, मध्ये दऱ्या आहेत.

आणि त्या वाळक्या गवतात सिगारेट, चूल, शेकोटी काहीही नको. एक ठिणगी आणि अख्खा उतार जातो, डिसेंबर ते मे वणव्यांचेच दिवस. उतरताना हात टेकायच्या आधी दगडाखाली बघा, फुरसं छोटं असतं आणि मातीच्या रंगाचं, उन्हाला येऊन पडतं.

प्रश्न (कोल्हापूर) : थंडीत तहान लागतच नाही मग एवढं पाणी कशाला वाहायचं? दोन लिटर पुरत नाही का? खायला काय न्यावं?

उत्तर : तहान लागत नाही हाच तर घोळ आहे. गारठ्यात शरीर तहानेची खूण उशिरा देतं, लघवी जास्त होते, हवा कोरडी असल्यामुळे घाम लगेच उडतो आणि आपल्याला वाटतं घाम येतच नाहीये. मग दुपारी दोनला बुधल्याच्या चढावर पोटऱ्यांत गोळे येतात आणि बिचाऱ्या बुटांना दोष दिला जातो. माणशी साडेतीन ते चार लिटर घेऊन निघा. राजगडावर पद्मावती माचीवर टाकी आहेत, तिथे भरून घेता येतं पण पाणी गाळून आणि शुद्ध करूनच, आणि एकदा संजीवनीवरून उतरलात की तोरण्यापर्यंत भरवशाचं पाणी धरू नका. धनगरांच्या घरी लिंबू सरबत, ताक मिळालं तर प्या, पैसे द्या, पण मिळेलच असं समजून बाटली रिकामी ठेवू नका. एका बाटलीत मीठ-साखर-लिंबू किंवा ओआरएस, आणि तहान असो नसो दर अर्ध्या तासाला चार घोट.

खायला कोरडं आणि चालता चालता तोंडात टाकता येईल असं. दशमी-चटणी, शेंगदाणा चिक्की, खजूर, उकडलेली अंडी. संत्री या दिवसांत छान येतात, न्या, फक्त सालं परत आणा, ती कुजतात हे खरं पण कोरड्या कातळावर महिनाभर पडून राहतात. पोटभर जेवण मध्ये करू नका, विशेषतः खिंडीत, त्याच्या पुढे चढ आहे.

प्रश्न (सहकारनगर, पुणे) : वय ६२, सकाळी रोज तळजाईला फिरतो, गुडघे उतरताना कुरकुरतात. मित्र म्हणतात कात्रज-सिंहगड कर, धारेवरचं चालणं आहे, सपाट असतं. तुम्ही काय म्हणाल?

उत्तर : काका, मित्र बदला, किंवा निदान त्यांना आधी पाठवा. कात्रजच्या जुन्या बोगद्यापासून सिंहगडापर्यंतची रांग म्हणजे एकामागून एक डझनभर टेकड्या, प्रत्येक चढायची आणि प्रत्येक उतरायची, आणि उतारावर बारीक मुरमाचा घसारा ज्यावर तरुण पोरं पण बसून उतरतात. कुरकुरणाऱ्या गुडघ्याला यापेक्षा वाईट काही नाही.

तुम्हाला धारेवरचा वारा आणि लांबवरचं दिसणं हवंय ना, मग राजगडच करा पण पाली दरवाजाने. ती जुनी राजवाट, बऱ्याच ठिकाणी पायऱ्या आहेत आणि चोरदरवाजापेक्षा खूप सौम्य. वर येऊन संजीवनी माचीच्या टोकापर्यंत निवांत जायचं आणि त्याच वाटेने परत. पावसाने धुतलेल्या हवेत या दिवसांत समोर तोरणा, मागे सिंहगड, पुरंदर, आणि नजर चांगली असेल तर पश्चिमेला रायगड-लिंगाणाही ओळखता येतो. दोन काठ्या घ्या, एक नाही, उतरताना त्या जरा लांब करा म्हणजे वजन हातांवर येतं. पावलं छोटी. आणि तरी गुडघा दुखलाच तर पुढच्या वेळी आधी डॉक्टर, मग डोंगर.

प्रश्न (मँचेस्टर) : पुण्याचाच आहे, सह्याद्रीत भरपूर फिरलोय. इथे येऊन वर्ष झालं. नोव्हेंबरअखेर लेक डिस्ट्रिक्टमधल्या हेल्व्हेलिन डोंगरावर स्ट्रायडिंग एज या अरुंद धारेवरून जायचा विचार आहे. उंची ९५० मीटर म्हणजे तोरण्यापेक्षा कमीच, तर वेगळी तयारी लागेल का?

उत्तर : उंचीवर जाऊ नका! तोरणा १४०३ मीटर असला तरी तिथे पाणी गोठत नाही. तिकडे नोव्हेंबरअखेरीस सूर्य चारच्या आत मावळतो आणि उगवतो आठच्या सुमारास, म्हणजे आपल्यापेक्षा तीनेक तास उजेड कमी. वर पाऊस, धुकं आणि वारा एकाच वेळी असू शकतात, आणि एज म्हणजे दोन्ही बाजूंना उतरलेली दगडी धार, टोकाला एक छोटी चिमणीसारखी फट हाताने धरून उतरायची आणि मग समोरचा खडा चढ. ओल्या दगडावर आपली बेसॉल्टची सवय कामाला येत नाही, आणि बर्फ किंवा नुसता पारदर्शक थर जरी असला तर क्रॅम्पॉन (बुटाला बांधायचे लोखंडी काटे) नि आईस अॅक्स (बर्फातली कुऱ्हाड), आणि ते वापरता येणं, हे हवंच. डिसेंबरपासून हिवाळाभर तिथलं लेक डिस्ट्रिक्ट नॅशनल पार्क माणूस रोज हेल्व्हेलिनवर पाठवतं आणि वरची परिस्थिती जाहीर करतं, ती वाचून ठरवा.

तिकडे एक जुना हिशोब वापरतात, विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश माणसाने १८९२ मध्ये सांगितलेला: दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला अजून एक. थांबण्याचा वेळ त्यात नाही आणि खराब हवेत तो कमीच पडतो, तरी कागदावर मांडून बघा म्हणजे किती वाजता परत फिरायचं ते कळेल. माझं विचाराल तर पहिल्या हिवाळ्यात केझिकजवळचं कॅटबेल्स करा, ४५१ मीटर फक्त, पण धार खरी आहे, थोडं हाताने चढायला लागतं आणि खाली अख्खं तळं दिसतं. स्ट्रायडिंग एज मे-जूनला. अडचण आली तर ९९९, आधी पोलीस मागायचे आणि मग माउंटन रेस्क्यू. शिट्टी बरोबर ठेवा, मिनिटाला सहा वेळा, मग मिनिटभर थांबून परत. ही खूण सह्याद्रीत पण चालते, आणि इथे ११२ लावा, आपल्या सिमला रेंज नसली आणि दुसऱ्या कंपनीचा टॉवर पकडला तरी तो लागू शकतो.

प्रश्न (चिंचवड, वरच्याच ग्रुपमधून दुसऱ्याचा) : गाडी गुंजवण्यात राहणार आणि उतरणार वेल्ह्यात. मग गाडी आणायची कशी?

उत्तर : हा खरा प्रश्न, सगळे शेवटी विचारतात. दोन गाड्या असतील तर आदल्या दिवशी एक वेल्ह्यात लावून ठेवा. एकच असेल तर गुंजवण्यात जिथे जेवण सांगाल तिथेच विचारा, गावातलं कोणीतरी तुमची गाडी किंवा स्वतःची जीप घेऊन संध्याकाळी वेल्ह्यात येतं, पैसे आधी ठरवा आणि वेळ सहाची सांगा, पाचची नको. त्याच माणसाला सांगून ठेवा की आठपर्यंत आम्ही आलो नाही किंवा फोन लागला नाही तर कोणाला कळवायचं, म्हणजे एका कामात दोन कामं होतात. एसटीने यायचं असेल तर वेल्हे-स्वारगेट आहे, पण संध्याकाळच्या शेवटच्या गाडीवर प्लॅन उभा करू नका, वेळ डेपोत विचारून घ्या आणि एक गाडी अलीकडचीच धरा. आणि ड्रायव्हर कोण ते पहाटेच ठरवा, अकरा तास चालून आलेल्या माणसाला नसरापूरपर्यंत गाडी चालवायला लावू नका, पाचातल्या एकाने राजगडावरून परत फिरायला तयार व्हावं, त्याच्याकडे चावी द्या.